खंबाटकीत बंद पडलेली गाडी आणि न बदललेले चार इंजेक्टर

2023 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आईच्या गुडघ्याची तपासणी उरकून आम्ही पुण्याहून कराडला परतत होतो. गाडी 2011 ची, 1.3 लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, 1 लाख 38 हजार किलोमीटर झालेली. कॉमन रेल म्हणजे हाय प्रेशर पंप एका समाईक नळीत (रेलमध्ये) डिझेल दाबाने भरतो आणि तिथून चार इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. खंबाटकी घाट चढताना अचानक ओढ गेली, दोन आचके बसले आणि गाडी बंद. सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन काही लागत नाही. मागे कंटेनरची रांग, आई मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली. एका पिकअपवाल्याने टोचन लावून वर काढलं आणि हायवेलगतच्या एका गॅरेजवर सोडलं. तिथे माझे 80 हजार रुपये गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. कोड पी 0087. "मॅडम, हाय प्रेशर पंप गेला. कचरा पुढे इंजेक्टरमध्ये गेलाय, चारही गेले."

हा कोड फक्त एवढंच सांगतो की रेलमध्ये हवं तेवढं प्रेशर बनत नाही. ते का बनत नाही, हे तो सांगत नाही. फिल्टर चोक असेल, पाइप हवा घेत असेल, एखादा इंजेक्टर रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीत) जास्त डिझेल सोडत असेल, रेग्युलेटर किंवा सेन्सर खराब असेल, किंवा खरंच पंप गेला असेल. अंगात ताप आहे म्हणून टायफॉइडचं औषध सुरू करावं, तसला हा प्रकार. पण त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं.

मग त्याने एका स्टीलच्या वाटीत डिझेल आणलं आणि त्यावर टॉर्च मारला. तळाशी चंदेरी भुकटी चमकत होती. "हे तुमच्या फिल्टरमधून निघालं." पंप झिजला की धातूचा असा चुरा खरोखरच निघतो, त्यामुळे त्याचं बोलणं मला पटलं. फक्त ती वाटी माझ्या गाडीखाली भरली गेली का, हे मी पाहिलं नव्हतं. तेव्हा मी आईसाठी चहा आणायला गेले होते.

पंपाचे 28 हजार, रिकंडिशन केलेल्या इंजेक्टरचे नगाला साडेअकरा म्हणजे 46 हजार, मजुरी 6 हजार. जुने पार्ट दाखवा म्हटलं तर "ते एक्स्चेंजला जातात ताई, नाहीतर रेट वाढेल," म्हणाला. जुना पार्ट देऊन दुसरा कमी दरात घ्यायची अशी एक्स्चेंजची पद्धत असते हे खरं, म्हणून मी गप्प बसले. चौथ्या दिवशी गाडी मिळाली. बिल म्हणून वहीचा कागद दिला, त्यावर फक्त आकडे. गाडी छान पळत होती.

अकरा दिवसांनी कराडात कोल्हापूर नाक्यावर तस्संच झालं. आचके, बंद, नुसता सेल्फ.

या वेळी गाडी आमच्या गल्लीतल्या मेस्त्रीमामांकडे नेली. त्यांनी स्कॅनरला हातच लावला नाही. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली आणि मला म्हणाले, "बाळ, इकडं बस आणि नळीकडं बघ." सेल्फ मारला. नळीतून डिझेलसोबत साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक पळत होते. "गाडी एअर घेतीया. पंपाला डिझेलच पुरंना, तर तो प्रेशर कशाचं बनवणार?"

टाकीकडून फिल्टरला येणारा रबरी पाइप क्लिपखालीच तडकला होता. वाकवल्याशिवाय चीर दिसत नव्हती. बाहेर थेंबही गळत नव्हता, कारण या गाडीच्या टाकीत पंप नाही. डिझेल पुढून ओढलं जातं, त्यामुळे चिरेतून ते बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. आधीच्या गॅरेजमध्ये फिल्टर बदलताना क्लिप जरा सरकून आवळली गेली असणार, म्हणून अकरा दिवस निभावले. पाइप, दोन क्लिपा आणि मजुरी मिळून 650 रुपये झाले. हॅन्ड पंपाने एअर काढली आणि दुसऱ्या सेल्फला गाडी लागली.

मामांनी अकरा दिवसांचा तो फिल्टर कापून कागद उलगडला. चुऱ्याचा कणही नाही. झिजलेल्या पंपाचा चुरा टाकीपासून रेलपर्यंत सगळीकडे जातो. नुसता पंप बदलून लाइन इतकी स्वच्छ होत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. मग त्यांनी पंपाकडे बोट दाखवलं. समोरून चंदेरी स्प्रे मारलेला, पण मागच्या बोल्टवर वर्षानुवर्षांची तेलकट माती घट्ट बसलेली. त्या बोल्टला पाना लागलेलाच नव्हता.

इंजेक्टरचा पुरावा माझ्या घरात निघाला. 2021 मध्ये कोल्हापूरच्या एका डिझेल लॅबमध्ये चारही तपासून घेतले होते, त्या रिपोर्टवर प्रत्येकाचा नंबर आहे. इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेले नंबर मी पुसून वाचले. चारही तेच.

तेव्हा एक करा. आज गाडी ठणठणीत असतानाच इंजेक्टर आणि पंप यांच्या नंबरांचे फोटो काढून ठेवा. अशी गाडी अचानक बंद पडली तर पंपाचं नाव निघण्याआधी पारदर्शक नळी लावायला सांगा आणि फिल्टर तुमच्यासमोर उघडायला लावा. इंजेक्टर खराब म्हणत असतील तर चारही रिटर्न चार बाटल्यांत सोडून पातळी दाखवा म्हणा. एखादीच बाटली भराभर भरली तर दोष त्या एकाचाच, चारही बदलायचं कारण नाही. स्कॅनरवर सेल्फ मारताना रेल प्रेशर किती बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) चढतं, तेही बघा. साधारण 200 च्या आसपास गेल्याशिवाय अशी इंजिनं सुरू होत नाहीत. मात्र इंजिन चालू असताना हाय प्रेशरच्या नळ्यांना स्वतः हात लावू नका. हजार-दीड हजार बारने निघालेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. आणि गाडीचा नंबर, पार्टचे नंबर लिहिलेलं पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माझं सगळ्यात जास्त तिथेच अडलं.

मी त्या हायवेच्या गॅरेजवर परत गेले तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, हा कागद आमचा नाही. यूपीआयने पैसे गेलेलं खातं त्याच्या पुतण्याच्या नावावर निघालं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथे तडजोड झाली नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पैसे पाठवल्याचा पुरावा, लॅबचा रिपोर्ट, नंबरांचे फोटो आणि मामांचं लेखी म्हणणं तक्रारीला जोडलंय. तडकलेल्या पाइपचा तुकडाही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवलाय.