फुटरेस्ट घासणारी क्रूझर: मागचे शॉकअप बदलायचे की आधी पुढचा फोर्क?

खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलं की क्रूझरचा फुटरेस्ट रस्त्याला खर्रकन घासतो. एक्सप्रेसवेवर दुचाकीला प्रवेश नाही, त्यामुळे मुंबईकराच्या वाट्याला जुन्या हायवेची वळणंच येतात. मग प्रश्न एकच असतो: लांब शॉकअप कुठे मिळतील? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी केली की कोणी ना कोणी काहीतरी दाखवतोच. माझ्या मते मात्र लांब शॉकअप हा या यादीतला शेवटचा उपाय आहे, आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे स्प्रिंगचे दोन दांडे, बराच वरचा.

आधी एक घोळ निस्तरू. रॉयल एनफिल्डच्या सुपर मीटिऑर ६५० चा ग्राउंड क्लिअरन्स १३५ मिमी, मीटिऑर ३५० चा १७०. हे आकडे सोसायटीच्या गेटसमोरच्या गतिरोधकासाठी कामाचे. वळणावर हिशोब वेगळा असतो: फुटरेस्टचं टोक जमिनीपासून किती वर आणि गाडीच्या मधल्या रेषेपासून किती बाहेर. समजा टोक २५० मिमी उंच आणि ३८० मिमी बाहेर आहे. गाडी साधारण ३३ अंश कलली की ते टेकणार. तेच टोक १० मिमी वर नेलं तर जेमतेम एक अंश जास्त मिळतो. म्हणजे आपण सगळा खर्च एक-दोन अंशांसाठी करतो, हे डोक्यात ठेवूनच पाकीट उघडावं. त्यात ३० अंश कललेल्या गाडीच्या सस्पेन्शनवर सरळ रस्त्यापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त भार येतो, स्प्रिंग आणखी दबते आणि उभ्या गाडीवर मोजलेली उंची ऐन वळणात कमी होते.

फुकटचा उपाय प्रीलोड, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते. मीटिऑरच्या मागच्या शॉकअपला सहा खाचा आहेत, सुपर मीटिऑरला पाच. कितीतरी गाड्या शोरूममधून आल्या त्याच खाचेवर वर्षानुवर्षं फिरतात. मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून सीटखालच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंत टेपने मोजा, मग हेल्मेट-जॅकेटसह गाडीवर बसून मित्राला पुन्हा मोजायला सांगा. दोन्हींतला फरक, म्हणजे सॅग, एकूण ट्रॅव्हलच्या (चाक जितकं वर-खाली होऊ शकतं त्याच्या) चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका हवा. सुपर मीटिऑरचा मागचा ट्रॅव्हल १०१ मिमी, म्हणजे २५ ते ३४. त्याहून जास्त दबत असेल तर खाच वाढवा. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. म्हणून एकट्याने चालवताना शेवटच्या खाचेवर ठेवण्यात अर्थ नाही. खड्ड्यात चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि टायर रस्ता सोडतो.

आता पुढचा फोर्क विरुद्ध मागचे शॉकअप. क्रूझरचे फुटरेस्ट पुढे असतात, आणि सगळी गोम तिथेच आहे. व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलमधलं अंतर, १५०० मिमी धरा आणि फुटरेस्ट पुढच्या ॲक्सलपासून ६०० मिमी मागे. गाडीचं मागचं टोक २५ मिमी उचललं तर फुटरेस्ट वर येतो फक्त १० मिमी. पुढचं टोक तेवढंच उचललं तर १५. शिवाय मागून २५ मिमी उचलल्यावर सगळी गाडी जवळजवळ एक अंश पुढे झुकते. रेक (फोर्कचा तिरकेपणा) तेवढा उभा होतो, ट्रेल (हँडल ज्या रेषेभोवती वळतं ती जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो. हँडल चटकन वळायला लागतं, ते आवडतंही, पण हायवेवर ट्रकच्या वाऱ्यात गाडी पूर्वीइतकी निवांत राहत नाही. नुसतं पुढून उचललं तर उलटं, हँडल जड. दोन्हीकडून १०-१० मिमी मिळवले तर फुटरेस्ट १० मिमी वर येतो आणि गाडीचा स्वभाव तसाच राहतो. ते १० मिमी मिळवायला लांब काही लागत नाही, जास्तीचा सॅग परत घ्यायचा.

मागे तो खाचेने मिळतो. पुढे या दोन्ही गाड्यांना ॲडजस्टरच नाही, तिथे फोर्क उघडावा लागतो. तीन गोष्टी करता येतात: स्प्रिंगवर थोडा लांब स्पेसर, वजनाला साजेशी स्प्रिंग, किंवा तेलात बदल. वजन जास्त असेल तर स्प्रिंगच घ्या. सॅग कमी होतो, वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबल्यावर नाक खुपसणंही कमी होतं. नुसतं जाड तेल घालून देणाऱ्या मेकॅनिकपासून जरा जपून. जाड तेलाने फोर्क वर येत नाही, हळू होतो, दबतानाही आणि सुटतानाही. पेव्हर ब्लॉकवर त्याचा हिशोब मनगटं चुकता करतात. तेलाची पातळी थोडी वाढवली तर आतली हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगला मदत करते, पण अति केलं की ऑइल सील गळते. मीटिऑरचा ४१ मिमीचा साधा फोर्क बरेच मेकॅनिक नीट उघडतात. सुपर मीटिऑरचा ४३ मिमीचा शोवा कंपनीचा फोर्क उलटा आहे, जाड नळी वर, तो माहीतगाराकडेच द्यावा. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

मागचे शॉकअप मूळच्याच लांबीचे पण चांगल्या डॅम्पिंगचे, म्हणजे स्प्रिंगची उसळी नीट आवरणारे, घेतले तर? उभ्या गाडीवर टेप लावाल तर फारसा फरक दिसणार नाही, चालवताना मात्र कळतो. पावसाळ्यानंतर कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या वळणांवर डांबराचे तुकडे एकामागून एक लागतात. रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडणं, फार संथ असेल तर प्रत्येक दणक्यानंतर शॉकअप पुरता उघडायच्या आत पुढचा दणका बसतो आणि मागचा भाग हळूहळू खालीच राहतो. फार मोकळा असेल तर गाडी डुलते आणि एखाद्या डोलात फुटरेस्ट टेकतो. रिबाउंड कमी-जास्त करायची चकती असलेली जोडी यासाठीच घ्यायची, दिखाऊ सोनेरी डब्यासाठी नाही.

लांब शॉकअपचं ओझं वेगळंच. तिरके बसवलेले असतील तर लांबी जितकी वाढवाल त्याहून चाक थोडं जास्तच खाली जातं. साइड स्टँड आखूड पडतो, गाडी जास्त कलून उभी राहते. चेनचा ताण नव्याने बघावा लागतो आणि ती स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासते का तेही. सुपर मीटिऑरची ७४० मिमीची सीट बघून ज्यांनी ती घेतली, त्यांनी सिग्नलला टाचा टेकतील का याचा विचार करावा.

एकट्याने चालवणारे आणि मध्यम वजनाचे असाल तर टेप, खाच आणि वळणात खांदे थोडे आत झुकवण्याची सवय, एवढ्यावर थांबा. वजनदार असाल किंवा ब्रेक लावत वळणात शिरत असाल तर फोर्कच्या स्प्रिंगा. मागे कायम कोणी बसत असेल, वर सामानही असेल, तर पैसे मागच्या जोडीवर घाला, आणि ती तुमच्या दोघांच्या वजनाच्या स्प्रिंगसह मागवा. लांब शॉकअप उंच माणसाने, बाकी सगळं करून झाल्यावर. आणि मुडपणारा फुटरेस्ट घासून वर होत असेल तर घाबरू नका, तो इशाराच आहे. घासल्याची खूण सायलेन्सरवर किंवा स्टँडच्या ब्रॅकेटवर दिसली तर मात्र यातलं काहीही करण्याआधी वेग कमी करा. तो भाग मुडपत नाही, टायर उचलून टाकतो.