अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी की जीप: गावातल्या अंगणात कोणती जुनी गाडी उभी राहील?

विदर्भातल्या खेड्यापाड्यात गंजून पडलेल्या जुन्या गाड्या शोधल्या तर बहुधा तीनच जाती सापडतात. जिनिंगच्या आवारात चाकं बसलेली अ‍ॅम्बेसेडर, एखाद्या वाड्यामागे निंबाखाली फियाट किंवा पद्मिनी, आणि झाडीपट्टीकडे गेलात तर तेंदूपत्त्याच्या नाहीतर लाकडाच्या ठेकेदाराची महिंद्राची जीप. हौशी माणूस या तिघींपैकी एकीच्या प्रेमात पडतो, बॉनेट उघडतो आणि विचारतो, ‘इंजिन चालू होईल का?’

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. जाम झालेलं इंजिन तालुक्याचा लेथवालाही बोअर करून देतो. गाडी अंगणातच सडून जाते ती पत्र्यापायी, म्हणून तुलना तिथूनच करू.

सांगाडा वेगळा की अंगातच

जीपला शिडीसारखी लोखंडी चॅसी असते आणि तिच्यावर पत्र्याचा टब बोल्टांनी बसवलेला असतो. बोल्ट काढले की चार गडी टब उचलून बाजूला ठेवतात. चॅसी उघडी पडते, चारही बाजूंनी हात पोचतो, आणि तिचं लोखंड जाड असल्यानं ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणारा फॅब्रिकेटर साध्या आर्क मशीनवर ती जोडू शकतो. अडीच मिमीचा रॉड, ७० ते ९० अँपिअर, एवढ्यावर भागतं.

अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीला अशी वेगळी चॅसी नाही. फरशी, दाराखालची पेटी म्हणजे सिल, खांब आणि छत मिळूनच गाडीचा कणा होतो. सिल सडली की गाडी मधून वाकते. जीपचा टब चाळणी झाला तरी गाडी सरळ उभी राहते, पद्मिनीची सिल गेली तर दार लागत नाही. या एका फरकावरून निम्मा निर्णय होतो.

परीक्षा सोपी आहे. गाडीच्या एका बाजूला पुढच्या जॅक पॉइंटखाली जॅक लावून चाक जमिनीवरून दोन बोटं उचला आणि दाराची फट बघा. फट वर बंद, खाली उघडी अशी बदलली किंवा दार अडकू लागलं, तर सिल आतून गेलेली आहे. वरून रंग कितीही चकाकत असो. मग लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सिलवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे.

अ‍ॅम्बेसेडरचा पत्रा पद्मिनीपेक्षा जाड, त्यामुळे ती सडते पण हळू. डिकीची फरशी, तिच्याखालचा स्टेपनीचा कप्पा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्या टांगणारे हँगर, दारांचे तळ आणि हेडलाइटमागची कमान ही तिची ठरलेली ठिकाणं. यातलं बहुतेक हाताला लागतं. एका जागेची मात्र भीती बाळगा. तिच्या पुढच्या सस्पेन्शनला कॉइल स्प्रिंग नसून लांब टॉर्शन बार, म्हणजे पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया आहेत आणि त्यांची मागची टोकं पुढच्या सीटखालच्या आडव्या मेंबरमध्ये अडकवलेली असतात. तो मेंबर सडला असेल तर गाडीचा पुढचा भार सडक्या पत्र्यावर तोललेला आहे. बारवरचा ताण उतरवल्याशिवाय तिथं कटर लावणं म्हणजे हातपाय गमावण्याचं काम. हँगर आणि हा मेंबर, दोन्ही गेलेले असतील तर ती गाडी दुसऱ्या अ‍ॅम्बेसेडरचे पार्ट म्हणून घ्या.

पद्मिनी हलकी, साधारण ९०० किलोची. हा हलकेपणा पातळ पत्र्यातूनच आला आहे. फरशीचे कोपरे, सिल आणि जॅक पॉइंट आधी जातात. आपल्या काळ्या मातीचा चिखल सिलच्या खालच्या भोकांत बसतो, उन्हाळ्यात विटेसारखा वाळतो आणि पुढच्या मृगात पुन्हा भिजून पाणी धरून ठेवतो. गंज त्यामुळे आतून बाहेर येतो. बाहेर रुपयाएवढा फुगा दिसला तर आत तळहाताएवढं भोक धरून चाला.

जीपच्या टबखाली टोपीच्या आकाराच्या आडव्या चॅनल असतात, त्यांतही हाच चिखल. सीजे-३बी या जुन्या मॉडेलमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, तिच्या खालचा पत्रा हमखास गेलेला सापडतो. पण तो सपाट पत्रा आहे. मुडपायची जागा सोडली तर अठरा गेजचा आठ बाय चार फुटांचा एक सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, कातर आणि हातोडी यावर काम होतं. अ‍ॅम्बेसेडरची गोल कमान घरी ठोकून बघा, मग जीपवाले का हसतात ते कळेल.

वेल्डिंग, वीज आणि पातळ पत्रा

अठरा गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, वीस गेज म्हणजे ०.९ मिमी. आर्कनं वीस गेजला हात लावला की भोक मोठंच होतं. दोन्ही कारसाठी सीओटू वेल्डिंग, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू सोडत बारीक तार वितळवणारं, लागेल, ०.८ मिमी तारेचं. सिंगल फेजवर चालणारी इन्व्हर्टर मशीन मिळते आणि पातळ पत्र्याला ५० ते ७० अँपिअर पुरतात. अडचण दुसरी आहे. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू असल्या की गावात व्होल्टेज पडतं, मशीन मध्येच ट्रिप होते आणि अर्धवट टाका तुटतो. तिच्यासाठी जाड केबल ओढा, लांबलचक हलकी एक्स्टेन्शन वापरू नका. सीओटूचा सिलिंडर भरायला नागपूर, अमरावती, अकोला असं शहर गाठावं लागतं, हेही हिशेबात धरा.

सिल बदलायची रीत दोन्ही कारना एकच. दार काढायचं नाही. दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप तिरपा टाकून तात्पुरता वेल्ड करायचा. तो दार मिटण्याच्या आड येणार नाही असा आतून बसवा. गाडीचा भार सस्पेन्शनवर असू द्या, म्हणजे चाकांवर किंवा अ‍ॅक्सलखाली घोड्या लावून. नुसत्या फरशीला टेकवून कापलंत तर वाकलेल्या अवस्थेतच नवी सिल पक्की होईल आणि दार आयुष्यभर रुसेल. एका वेळी एकच बाजू. नवा पत्रा जुन्याला लावताना एक मिमी फट, पाठीमागे तांब्याची पट्टी, आणि टाके इंचाइंचावर एकदा या टोकाला तर एकदा त्या टोकाला. हात लावता येईल इतकं निवल्यावर पुढचा टाका. सलग ओढलेला वेल्ड पत्र्याला भाकरीसारखा फुगवतो. पाणी ओतून थंड करू नका.

गावात घाईघाईनं टिनाचा, म्हणजे जस्ताचा पत्रा लावून देणारे भेटतील. जस्ताच्या धुरानं त्या रात्री थंडी वाजून ताप येतो आणि वेल्डही स्पंजासारखा होतो. सीआर पत्राच आणा.

जागेबद्दल एक. गाडी गुरांच्या कोठ्यात बांधू नका. शेण-मुताचा ओलावा आणि अमोनिया उघड्या लोखंडाला आठवड्यात लाल करतो. आणि कडब्याच्या गंजीजवळ गंज काढू नका, हा विनोद नाही. ग्राइंडरची ठिणगी लांबवर उडते, कुटार आणि साठवलेला कापूस आतल्या आत धुमसतो, ज्वाला दोन तासांनी दिसते.

गंज उतरवणं: इथं तिघी सारख्या

सुट्या भागांसाठी दोन स्वस्त मार्ग आहेत. निवड विजेवर करा.

इलेक्ट्रोलिसिसला २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घ्या. त्यात धुण्याचा सोडा, चार लिटरला एक मोठा चमचा, म्हणजे भरलेल्या ड्रमला साधारण पाऊण किलो. १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार साध्या सळईला. उलटं जोडलंत तर भागच विरघळेल. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून काम उघड्यावर, बिडी-सिगारेट लांब. स्प्रिंगा आणि कडक बोल्ट यात टाकले तर ठिसूळ होतात.

भारनियमन असेल तर मळी. गुरांच्या खाद्यात घालतात ती, एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी. दहा-पंधरा दिवस भिजत ठेवा, उन्हाळ्यात लवकर होतं. वास भयंकर येतो, पण चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा कार्ब्युरेटर मात्र त्यात घालू नका.

सँडब्लास्टिंग जीपच्या चॅसीला उत्तम. अ‍ॅम्बेसेडरच्या दाराला किंवा पद्मिनीच्या छताला केलं तर पत्रा लाटांसारखा वाकतो. साधी वाळू वापरत असतील तर धुळीनं फुप्फुसं जातात, तिथं उभं राहू नका.

उघडा पत्रा पावसाळ्यात एका रात्रीत लाल होतो. नुसता रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही, त्यावर भरवसा ठेवून मृग गाठू नका. दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारा. रंगाला ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, सकाळची वेळ. मे महिन्यात पारा ४५ वर असताना थिनर बंदुकीतून पत्र्यावर पोचेपर्यंतच उडतो आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. नागपुरी संत्रं झाडालाच शोभतं. शेतीच्या कामातून मोकळा वेळ उन्हाळ्यातच मिळतो हे खरं. त्या काळात कापाकापी, वेल्डिंग आणि प्रायमर उरका, वरचा रंग दिवाळीनंतर. टू-के पीयू (दोन घटकांच्या पॉलियुरेथेन) रंगात आयसोसायनेट हे घातक रसायन असतं, साधा मास्क त्याला अडवत नाही. घरी मारायचा तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा सिंथेटिक बरा.

इंजिन आणि सुटे भाग

अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला बनत होती, म्हणून तिचे पार्ट तिघींत जास्त सहज मिळतात. जुन्या पेट्रोल गाडीत १४८९ सीसीचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) घराण्यातलं इंजिन, नंतरच्या काहींत इसुझूचं १.८ लिटर. कोलकात्याचं मलिक बाजार जुन्या पार्टांसाठी प्रसिद्ध आहे. गोंदिया, नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला ही सगळी स्टेशनं हावडा-मुंबई लोहमार्गावर आहेत, त्याचा पार्सलसाठी उपयोग करा.

पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन लहान आणि गोड, दोन माणसं सहज उतरवतात. पण उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, आणि मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. टॅक्सीवाल्यांसाठी माल ठेवणाऱ्या दुकानदाराला आता ते गिऱ्हाईक उरलं नाही. इंजिनचं सामान अजून मिळतं. रबरी बीडिंग, क्रोमच्या पट्ट्या आणि दिव्यांच्या काचा यांनीच दमछाक होते. म्हणून पद्मिनी घेताना इंजिन नसलं तरी चालेल, पण पट्ट्या आणि काचा पूर्ण बघा.

डिझेल जीप गावाला सगळ्यात सोयीची. एमएम-५४० मधलं २११२ सीसीचं प्यूजोचं इंजिन असो की आधीच्या जीपमधलं इंटरनॅशनलचं, ट्रॅक्टरवर हात बसलेला मिस्त्री ते खोलायला घाबरत नाही. पेट्रोलच्या सीजे-३बी चं २.२ लिटर हरिकेन इंजिन मात्र तेल पितं, पेट्रोलही पितं.

जाम पेट्रोल इंजिनला स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ५० मिली डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं ओता, आठवडाभर रोज थोडं टाका. मग टॉप गिअरमध्ये गाडी मागेपुढे हलवा. पिस्टन सुटला की तेल बदलल्याशिवाय चालू करू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप मऊ करतं, म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे पाइप नवे घाला आणि महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

कागद: इथं जीप मागे पडते

५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिन बदललेलं नसावं, आणि ती गाडी रोज वापरता येत नाही. म्हणजे हरियाणातल्या डबवालीहून नवाकोरा टब आणून बसवण्याचा जीपचा सोपा मार्ग तुम्हाला या नोंदणीतून बाहेर काढतो. तिचा टब ठिगळं लावूनच वाचवावा लागेल. ‘पद्मिनी’ हे नावच १९७४ पासूनचं, त्यामुळे बहुतेक पद्मिनी ५० वर्षांच्या आत आहेत. त्याआधीची फियाट ११०० असेल तर गोष्ट वेगळी.

व्हिंटेज नको, बाजारहाटाला गाडी हवी, तर साधं आरसी नूतनीकरण करा, पाच-पाच वर्षांचं. हलक्या गाडीची फी २०२२ पासून ५,००० रुपये होती. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना ती १०,००० झाली. कर वेगळा. गाडी कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा बदलता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलं आहे, तेव्हा जीपला ट्रकची चाकं लावायची हौस पासिंगला अडते.

चॅसी नंबरवर ग्राइंडर कधीही फिरवू नका. आरटीओत पेन्सिलनं त्याचा ठसा काढावा लागतो. गंजलेला नंबर मऊ वायर ब्रश आणि रॉकेलनं हातानं साफ करा, ठसा आरसीशी जुळवा, आणि मगच इसार द्या.

कुणी कोणती घ्यावी

हाताशी फक्त आर्क मशीन आणि ट्रॅक्टरचा मिस्त्री असेल तर डिझेल जीप घ्या, डोळे मिटून. चॅसी सरळ असल्याची खात्री तेवढी करा. पुढच्या आणि मागच्या टोकांमध्ये दोन्ही कर्णांवर दोरी धरून मोजा, पाच-सहा मिमीहून जास्त फरक आला तर सोडा.

घरच्यांना बसवून लग्नाला न्यायची गाडी हवी आणि सीओटू वेल्डर मिळत असेल तर अ‍ॅम्बेसेडर. तिला जागा जास्त लागते, सव्वाचार मीटरहून लांब आहे. पण चूक सुधारायला पार्ट मिळतात.

पद्मिनी कोरड्या जागी उभी असेल तरच घ्या. छपराखाली उभी, सिल ठोकल्यावर टणक आवाज देणारी पद्मिनी बुलडाणा-अकोल्याकडे अजून सापडते आणि ती तिघींत लवकर पूर्ण होते. धानाच्या पट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे उघड्यावर पाच पावसाळे काढलेली पद्मिनी फुकट मिळाली तरी ट्रकचं भाडं वाया जाईल.