ब्रिटनमध्ये जुनी लेन्स घेताना: व्यापारी की खासगी विक्रेता?

जाहिरातीत ‘काच स्वच्छ’ आणि आत बुरशी! परतीचं टपाल कोण भरणार?

विक्रेता व्यापारी असेल तर २०१५चा ग्राहक हक्क कायदा स्पष्ट आहे. वस्तू जुनी असली तरी वर्णनाशी जुळलीच पाहिजे. न जुळल्यास ३० दिवसांत नाकारता येते आणि परत पाठवण्याचा वाजवी खर्च त्याच्यावर. ‘परतीचा खर्च ग्राहकाचा’ ही अट इथे चालत नाही.

खासगी विक्रेत्यालाही खरं वर्णन द्यावं लागतं, पण टपालखर्चासाठी भांडावं लागतं. ईबेवर, तिथेच पैसे भरून घेतलं असेल तर मात्र अशा वेळी परतीचं टपाल खासगी विक्रेत्याकडेच. म्हणून ‘पैसे थेट बँकेत टाका, स्वस्तात देतो’ याला माझा ठाम नकार. महागड्या लेन्ससाठी मी व्यापाऱ्याला चार पौंड जास्तच देईन.