पदर डावीकडून उजवीकडे : फतेहगंजमधला स्पोकन वर्ड शो, पाचपैकी साडेतीन

शनिवारी भाभींना घेऊन आमच्या बडोद्यातच फतेहगंजला एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर शो बघून आले. भाभी म्हणजे माझी मोठी जाऊ, माहेर नडियादचं, दांडिया बाजारातल्या आमच्या घरात येऊन बावीस वर्षं झाली, मराठी समजतं सगळं पण बोलताना निम्मं गुजराती. तिकीट 350, त्यात एक कॉफी. शो सातला होता, सुरू झाला पावणेआठला, आणि तोवर ती कॉफी संपून कपाच्या तळाशी साखर वाळली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्पोकन वर्ड म्हणजे कविताच, पण छापायची नाही, उभं राहून अंगाने बोलायची. 80च्या दशकात शिकागोच्या बारमध्ये कवितेच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि तिथून हे वेड जगभर गेलं. आवडलं की टाळ्या नाही, चुटक्या वाजवतात. मला हे ठाऊक नव्हतं, शेजारच्या पोरीने चुटकी वाजवली तर मला वाटलं वेटरला बोलावतेय, म्हटलं काय ही पद्धत.

आधी एक निवेदक मुलगा आला आणि म्हणाला की आपल्या या संस्कारी नगरीत आज काहीतरी धाडसी ऐकायची तयारी ठेवा. अरे बाबा. याच बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई 1927 साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष होत्या, तू आम्हाला काय तयारी करायला सांगतो. पण जाऊ दे, मुलगा लहान होता.

आता मुख्य बाई. तिशीतली असेल, आई बडोद्याची मराठी, वडील चरोतरचे पटेल, हे तिने स्वतःच पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं, आणि आपल्याला बायकाही आवडतात हेही त्याच दमात, जसं आपण सांगतो ने की मला कारलं चालतं, तसं. अंगावर एकच साधी सुती साडी, स्टेजवर बाकी काही नाही, एक स्टूल फक्त. आणि त्या साडीवर तिने अख्खा पहिला अर्धा तास काढला. आजीचं बोलणं आलं की पदर डाव्या खांद्यावरून मागे, बाचं, म्हणजे गुजराती आजीचं, बोलणं आलं की तोच पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन डावीकडे कमरेला खोचलेला, आणि हे इतकं सफाईने की तीनचार वेळा झाल्यावर ती तोंड उघडायच्या आधीच आपल्याला कळतं आता कोण बोलणार. आजी म्हणते पदर नीट घे, बा म्हणते साडलो सरखो कर, दोघींचं म्हणणं एकच, पण एकीकडे नीट असलेला पदर दुसरीकडे उलटा. मग तिने मराठीतले पदर काढले एकेक, पदर येणे, पदर ढळणे, पदरात पडणे, पदरमोड, आणि मी हसता हसता एकदम गप्प झाले कारण मुलीच्या वयात येण्याला आपण कापडाचं नाव दिलंय हे पन्नास वर्षांत कधी मनातच आलं नव्हतं. भाभी इकडे माझ्याकडे बघतायत, काय झालं म्हणून.

पण पुढच्या तुकड्याला उलटं. तिच्या आयुष्यातल्या बाईला काय म्हणायचं, यावर होता तो. मराठीत मैत्रीण म्हटलं तर कुणाला काही कळतच नाही, सोयीचं आहे. गुजरातीत बाईच्या मैत्रिणीला बहेनपणी म्हणतात, म्हणजे शब्दातच बहीण बसलेली, वर प्रत्येक बाईच्या नावापुढे बेन, मग प्रेमात पडायचं कसं आणि हाक मारायची कशी. यावर भाभी इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मला आपलं विद्यापीठातलं हंसा मेहता लायब्ररीचं नाव आठवलं, हंसाबेन बडोद्याच्या कुलगुरू, मानवी हक्कांच्या 1948च्या जाहीरनाम्यात ‘ऑल मेन’ होतं तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करून घेणाऱ्या, म्हणजे त्यासुद्धा बेनच. असो, हे माझ्या डोक्यातलं, शोमध्ये नव्हतं, असायला हवं होतं.

तिथून ती मैत्री करारावर गेली. गुजरातेत हा प्रकार 70च्या दशकापासून गाजलेला, लग्न झालेला पुरुष आणि दुसरी बाई स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचे की आम्ही मित्र आहोत, कायद्याने त्याला लग्नाची किंमत काही नाही. पुढे दोन बायकांनीही तोच कागद वापरल्याची उदाहरणं आहेत. तिने स्टुलावर बसून वकिली भाषेत असा एक करारच वाचला, दुधाचं बिल कोण देणार, आजारपणात दवाखान्यात सही कोण करणार, नवरात्रात कुणाच्या ग्रुपमध्ये गरबा खेळायचा. 2018च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून यांना सोडवलं, पण 2023 मध्ये लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, त्यामुळे त्या दवाखान्याच्या सहीवर हसू यायचं थांबलं. माझ्या मते शोमधला सगळ्यात चांगला भाग हाच, आणि ती यात एकदाही आवाज चढवत नाही.

मग इंटरव्हल आणि त्यानंतर घसरण. दुसऱ्या भागात शरीराबद्दल, इच्छेबद्दल बोलायची वेळ आली आणि बाई धाडकन इंग्रजीत. वीस मिनिटं सलग, वेगात, हात हवेत, पाठीमागे कसलंतरी म्युझिक. पुढच्या पोरींच्या चुटक्यांचा पाऊस पडला, पण आजी आणि बा दोघी गायब, पदर खांद्यावर नुसता पडलेला. मला राग आला खरं तर. दोन भाषा घरात असलेल्या बाईने नेमक्या त्याच जागी तिसरी गाठावी? मराठीत शब्द नाहीत म्हणावं तर लावणीत बाईची इच्छा किती मोकळी बोलते, आता ती जुनी लावणी लिहिणारे शाहीर पुरुष होते हे मान्य, पण म्हणूनच तर हिने ते परत मागून घ्यायचं होतं ने. नाहीतर गरबा होताच, मूळचा गरबो म्हणजे भोकं पाडलेलं मातीचं मडकं, आत दिवा, शब्दही गर्भावरून आलेला. तिने हे शेवटी एका वाक्यात उरकलं आणि मला वाटलं अगं इथून सुरुवात कर, इथून!

जागेबद्दल : माइक मधूनमधून खरखरतो, प्लास्टिकच्या खुर्च्या गुडघ्याला गुडघा, एसी थेट मानेवर. जिना अरुंद आहे, ज्येष्ठांना आणू नका. पार्किंग विसराच, स्कूटर घेऊन जा.

परत येताना काळ्या घोड्याच्या सिग्नलला थांबलो तर मागून भाभी विचारतात, ते पदर आला म्हणजे शुं, तू का गप्प झालीस? मी म्हटलं भाभी घरी गेल्यावर सांगते. तर म्हणाल्या, घरी मम्मी असतील, इथेच सांग. सिग्नलला अजून सत्तर सेकंद होते, बाजूच्या रिक्षावाल्याचा कान आमच्याकडे, आणि मी हेल्मेटच्या काचेतून मोठ्याने सांगायला सुरुवात केली.