फुलपाखरांचा जाळीचा पिंजरा: सात महिने वापरल्यानंतर

जूनमध्ये मागवलेला दोन फुटी, घडीचा पिंजरा. जाळी उन्हाने विटलीय, एक शिवण उसवलीय, पण अजून कामाचा आहे. पहिल्याच महिन्यात मी त्याला एक स्टार देणार होतो. चूक माझीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोथरूडच्या आमच्या गच्चीत हळदीकुंकू या रुईच्या नात्यातल्या झाडाच्या सहा कुंड्या आहेत. त्यांवर प्लेन टायगर, म्हणजे आपलं बिबळ्या कडवा, अंडी घालतं. रानात हेच फुलपाखरू रुईवर येतं. अमेरिकेतल्या मोनार्कच्या भाऊबंदांपैकीच हे. तिकडच्या अळीला काळ्या शिंगांच्या दोन जोड्या, इकडच्या अळीला तीन, एवढं पाहिलं तरी ओळखता येतं. दुखणं मात्र दोघींचं एकच: टॅकिनिड माशी, जिची पिल्लं अळीच्या अंगात शिरून तिला आतून खातात. या झाडांच्या चिकातलं विष अळीच्या अंगात मुरलेलं, त्यामुळे पक्षी सहसा अळीच्या वाटेला जात नाहीत. माशीचं त्याने काही अडत नाही.

पहिल्या खेपेला चांगल्या पोसलेल्या अकरा अळ्या उचलून आत ठेवल्या. आठांचे कोष झाले, त्यांतले पाच काळपट पडले. एका सकाळी पाहतो तर कोषातून पांढरट चिकट धागे लोंबतायत आणि तळाशी तांबूस दाणे. आईला वाटलं मोहरी सांडली. ते दाणे बरणीत घालून वर फडकं बांधलं. काही दिवसांनी त्यातून घरमाशीसारख्याच, पण अंगभर राठ केस असलेल्या करड्या माश्या निघाल्या. जाळी धड असताना माशी आत शिरली कुठून, हेच कळेना.

बारामतीकडे तुतीवर रेशीम घेणारे एक काका ओळखीचे आहेत. त्यांच्या किड्यांवर येणारी उझी माशी याच कुळातली, म्हणून ते संगोपनगृहाला जाळी मारतात. त्यांनी एकच विचारलं, "आत घेतलीस तेव्हा अळी केवढी होती?"

संपलंच. माशीने अळीला आधीच, बाहेर कुंडीवर गाठलेलं होतं. मी घरभेदी आत घेऊन वर चेन लावत होतो!

तेव्हापासून फक्त अंडी उचलतो, तीही पानासकट. अंडं टाचणीच्या डोक्याएवढं, फिकट पिवळसर, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला. पाच बोटांवर मोजण्याइतके दिवस जातात आणि अळी बाहेर येते. खायला दिलेली पानं धुऊनच घालतो, कारण या कुळातल्या काही माश्या पानांवरच बारीक अंडी घालतात आणि अळी ती खाऊन टाकते. शिवाय हळदीकुंकवावर पिवळा मावा असतोच. चिकाचा हात डोळ्याला लावू नका, एकदा लावून पाहिलाय. ऑगस्टनंतर तेवीस अंड्यांपैकी एकोणीस फुलपाखरं उडाली, आणि कोषातून माशी एकदाही निघाली नाही.

तक्रारी आहेतच. चेन कोपऱ्यात पूर्ण बंद होत नाही, तिथे कापडी चिमटा लावावा लागतो. तळ शिवलेला असल्याने लेंड्या झटकताना अख्खा पिंजरा उलटा करावा लागतो. ऑगस्टच्या झडीत त्याच लेंड्यांना बुरशी आली आणि तीन अळ्या पातळ होऊन गेल्या. आता रोज खाली वर्तमानपत्र बदलतो आणि एका वेळी सहापेक्षा जास्त ठेवत नाही. विक्रेता म्हणतो तीस मावतील. मावतील, पण मग त्यांची भाजी होईल.

दोन कुंड्या मुद्दाम उघड्याच ठेवल्यात. तिथे माशी आणि अळी काय ते बघून घेतील.

उसवलेली शिवण मी दाभणाने घातलीय. चेन गेली की दुसरा मागवीन, पण तळ सुटा निघणारा मिळाला तरच.