‘लाज’ आणि ‘शरम’ची मुळं शोधताना: शिकागोचे ऑनलाइन कोश कितपत पुरतात?

शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळावर मोल्सवर्थ (मराठी-इंग्रजी), दाते-कर्वे (मराठी-मराठी), टर्नर (भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक), स्टाइनगास (फारसी-इंग्रजी) असे मातब्बर कोश फुकट चाळता येतात. नुसता अर्थ हवा असेल तर यातला कुठलाही एक पुरतो. व्युत्पत्ती हवी असेल तर मात्र क्रम पाळावा लागतो.

सुरुवात मोल्सवर्थपासून करावी. इथे १८५७ची दुसरी आवृत्ती आहे. कंसातलं ‘एस’ म्हणजे संस्कृत, ‘पी’ म्हणजे फारसी. ‘लाज’ संस्कृत लज्जेची, ‘शरम’ फारसीतली, एवढी वाटणी तिथेच होते. शोधताना ‘लाजणे’ टाकू नका. जुन्या लेखनात ते ‘लाजणें’ आहे, तो अनुस्वार आडवा येतो. नुसतं ‘लाज’ टाकावं. मग यादीत ‘लाजा’ही दिसेल. त्या लाह्या, लाजाहोमातल्या. लाजेशी त्यांचं काही नातं नाही.

वापराची उदाहरणं हवीत तर दाते-कर्वे. संक्षेपांची यादी आधी वाचा, नाहीतर ‘ज्ञा’ (ज्ञानेश्वरी), ‘तुगा’ (तुकारामांची गाथा) डोक्यावरून जातात.

टर्नरचा कोश (१९६२-६६) या साऱ्यांत सरस, पण नवख्याला चकवणारा. त्यात शीर्षशब्द मराठी नाहीत, जुने भारतीय-आर्य, म्हणजे मुख्यतः संस्कृत आहेत, तेही रोमन लिपीत. म्हणून ‘लज्जा’च शोधायचं; मराठीची लाज हिंदी-गुजराती भावंडांसोबत तिथे सापडते. फारसीतून आलेले शब्द त्याच्या कक्षेत नाहीत, तेव्हा ‘शरम’साठी सरळ १८९२चा स्टाइनगास गाठावा.

तोही फारसीच्या मागे फारसा नेत नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच. इंग्रजी ‘शेम’ आणि ‘शरम’ कानाला सारखे वाटतात म्हणून त्यांना बहिणी ठरवणारे बरेच. पण अवेस्तेत, म्हणजे पारशी धर्मग्रंथांच्या जुन्या इराणी भाषेत, शरमेचं रूप ‘फ्शरॅम’ असं फकारानं सुरू होतं आणि ‘र’ त्यात मुळापासून आहे. ‘शेम’चं जुन्या इंग्रजीतलं रूप ‘स्कामु’. मेळ बसत नाही. ‘शेम’चं मूळ ‘झाकणे’ या अर्थाच्या धातूत आहे, हेही ठामपणे सांगितलं जातं. तो केवळ तर्क आहे.

या कोशांतून नीट न कळणारी गोष्ट म्हणजे अर्थांमधला बारीक फरक. त्यासाठी अमरकोश हा संस्कृत समानार्थी शब्दांचा पद्यकोश वेगळा उघडावा: ‘मन्दाक्षं ह्रीस्त्रपा व्रीडा लज्जा सापत्रपान्यतः’. मन्दाक्ष, ह्री, त्रपा, व्रीडा, लज्जा ही सारी लाजेचीच नावं. नजर मंदावते म्हणून मन्दाक्ष. आणि तीच लाज दुसऱ्यांमुळे वाटली तर अपत्रपा. ‘जनाची नाही तर मनाची तरी’ म्हणताना आपण जी जनाची म्हणतो, ती ही अपत्रपा. एकेक शब्द वेगळा शोधणाऱ्याला ही ओळ भेटणारच नाही.

शब्दाचं घराणं शोधायला हे संकेतस्थळ उत्तम. समानार्थी शब्द पारखायला अपुरं.