गोष्टीतल्या पात्रांचा कार्डसंच : सहा पिवळी कार्डं वापरा, पुस्तिका कपाटात ठेवा

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनात हा संच घेतला. किंमत ४५० रुपये. बनवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. पुढे बरीच कुरकुर आहे आणि त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता शनिवारी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तिसरी-चौथीची आठ-नऊ मुलं गोष्टींना जमतात. मला ‘बाईआजी’ म्हणतात. चार महिने त्यांच्यासोबत हा संच वापरला, मग लिहायला बसले.

खोक्यात ४८ कार्डं आहेत. २४ पात्रांची, म्हणजे बारा जोड्या, १८ गुण-अवगुणांची आणि सहा पिवळी, प्रश्नांची. शिवाय एका सुती कापडावर एकमेकांवर चढलेले दोन गोल छापलेत आणि १६ पानांची एक पुस्तिका आहे. कार्डं जाड आहेत. पाण्याचा पेला सांडला तरी चिकटली नाहीत. चित्रं बरी. अक्षरांचं मात्र सांगितलंच पाहिजे. शाळेच्या पुस्तकात मुलं पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ शिकतात आणि इथे सगळीकडे हिंदी वळणाची अक्षरं. वाचायला नुकतीच लागलेली पोरं तिथे अडखळतात. मराठी मुलांसाठी छापताना एवढं बघायला काय हरकत होती?

आता खेळ. डाव्या गोलात एका पात्राचं वेगळेपण, उजव्यात दुसऱ्याचं, मध्ये दोघांत जे सारखं ते. हे गोल जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० साली मांडले. तर्कशास्त्राचं अवजार आहे, पण माकड-मगरीलाही चालतं. आमच्या काळात पाटीवर मधोमध रेघ मारून ‘फरक स्पष्ट करा’ असायचं. त्या रेघेमुळे पोरांना एक वाईट सवय लागायची. ‘माकड हुशार होते’ असं डावीकडे लिहिलं की उजवीकडे ‘मगर हुशार नव्हती’, झाला फरक. नाहीतर ‘माकड झाडावर राहते’ आणि समोर ‘मगर दुष्ट होती’. एकाचा पत्ता, दुसऱ्याचा स्वभाव! तुलना करायची तर दोघांना एकच प्रश्न विचारावा लागतो, हे पाटीवरची रेघ शिकवत नाही.

पिवळी कार्डं नेमकं तेच शिकवतात. याला काय हवं होतं? अडचण काय आली? मग काय केलं? कुणासाठी केलं? शेवटी काय बदललं? आणि सहावं, कशावरून? ही सहा ज्याने कुणी लिहिली त्याने वर्गात खडू झिजवलाय, माझी खात्री आहे.

चिऊ-काऊच्या जोडीला ‘कशावरून?’ पहिल्यांदा कामी आलं. पुस्तिकेत उत्तर छापलंय : चिऊ नीटनेटकी, काऊ आळशी. मुलांनीही तेच कार्ड उचललं. मी ‘कशावरून?’ पुढे सरकवलं. काऊचं घर शेणाचं होतं, पावसात वाहून गेलं. बरं, मग? त्याने घर बांधलंच होतं ना? गोष्टीत तो झोपून राहिला असं कुठे येतं का? मुलं पुन्हा पुन्हा गोष्ट सांगून पाहत होती आणि आळस काही सापडेना. शेवटी तिसरीतली एक मुलगी म्हणाली, ‘त्याच्याकडे मेण नव्हतं, एवढंच.’ मग गाडी चिऊकडे वळली. बाहेर पाऊस, दारात ओला पाहुणा, आणि ही आत बाळाला न्हाऊमाखू घालतेय, तीट लावतेय. ती निर्दय की तिचं बाळ आधी, यावर भांडण झालं. मी मिटवलं नाही.

ती १८ गुणांची कार्डं नसती तरी चाललं असतं. प्रामाणिक, कपटी, दयाळू, आळशी अशी. मुलं ती पटापट दोन्हीकडे टाकतात आणि पाच मिनिटांत ‘झालं, बाईआजी!’ झालंच असतं, कारण विचार करायला काही उरतच नाही. आता मी ती लपवून ठेवते. शब्द मुलांनी स्वतः शोधायचा, सापडला नाही तर वाक्य सांगायचं.

सगळ्यात जास्त रंगली ती माकड-मगरीची जोडी. आधी एक गंमत. मराठीत मगर ‘ती’. पुस्तिकेत एका ओळीत ‘मगर कपटी होती’ आणि पुढच्या ओळीत ‘मगरीची बायको’. मुलं हसून लोळली. पंचतंत्रात माकडाचं नाव रक्तमुख आणि मगरीचं कराळमुख, तीच नावं ठेवली असती तर हा घोळ झाला नसता. आम्ही कराळमुख वापरलं.

पुस्तिकेप्रमाणे माकड चतुर, मगर कपटी, आणि मधल्या गोलात फक्त ‘दोघे मित्र होते’. चौथीतला एक जण, जो एरवी गप्पच असतो, म्हणाला, ‘पण माकडपण खोटंच बोललं की!’ कराळमुख म्हणाला घरी जेवायला चल, ते खोटं. माकड म्हणालं काळीज झाडावर राहिलं, तेही खोटंच. कार्ड मध्ये गेलं. मग ‘कुणासाठी केलं?’ हे पिवळं कार्ड निघालं आणि सगळी पंचाईत झाली. कराळमुखाने केलं बायकोसाठी, माकडाने स्वतःसाठी. ‘म्हणजे मगर चांगली?’ कुणी बोलेना. तेवढ्यात एकीने ‘काय हवं होतं?’ पुन्हा वर ओढलं : एकाला दुसऱ्याचा जीव हवा होता, दुसऱ्याला आपला वाचवायचा होता. खोटं तेच, हवं ते वेगळं. हे मी सांगितलं असतं तर दोन मिनिटांत विसरले असते.

या संचाची दुसरी उणीव त्याच दिवशी कळली. बारा जोड्या आहेत, पण प्रत्येक जोडी एकाच गोष्टीतली. दोन गोष्टींतली पात्रं समोरासमोर बसवता येतील हे पुस्तिकेला सुचलंच नाही. मुलांना सुचलं. भोपळ्यातली म्हातारी वाघाला सांगते, लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग मला खा. ‘ही तर माकडाचीच युक्ती!’ दोघंही खाणाऱ्याला थांबायला लावतात. लगेच दुसरीने फरक काढला : माकड एकदा झाडावर चढलं की सुटलं, म्हातारीला त्याच रानातून परत यायचंय. म्हणून तिला भोपळा लागतो. एवढं नेमकं मलाही कधी सुचलं नव्हतं.

मधला गोल मात्र फारच लहान आहे. दोन कार्डं जेमतेम मावतात, तिसरं बाहेर लोंबतं. बनवणाऱ्याने धरूनच चाललंय की पात्रांत सारखं फारसं काही नसणार. खरं तर फरक मुलांना दिसतातच, एक काळा, एक राखाडी. खोदावं लागतं ते साम्यासाठी, आणि ते ठेवायला जागाच नाही.

ससा-कासव आणि अकबर-बिरबल या जोड्यांत फार दम नाही, दहा मिनिटांत संपतात.

पाचपैकी साडेतीन. प्रश्नांच्या कार्डांसाठी घ्या. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना जास्त लागू पडतील. त्याहून लहानांना एकेका वेळी दोनच पिवळी कार्डं द्या. एकट्या मुलाला देऊन बसवलं तर खेळ चालणार नाही, वाद घालायला कुणीतरी लागतं. पुस्तिका आधी स्वतः वाचा आणि कपाटात ठेवा.

कापड आता मी वापरतच नाही. पार्किंगच्या फरशीवर खडूने दोन मोठे गोल काढते, मधला भाग चांगला ऐसपैस. फक्त शनिवारी तिथे कुणाची ना कुणाची स्कूटर उभी असते, ती आधी हलवावी लागते.